मुखपृष्ठावरचे चिरतारुण्य

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. भांडण भाच्याशी आहे, म्हणजे घरातलेच. तेव्हा नातेवाइकांनी मध्ये पडायला हरकत नाही!

हा भाचा बरीच वर्षे इंग्लंडात आहे आणि त्याला लाँगप्ले रेकॉर्डी जमवायचा नाद आहे. दर खेपेला येताना तो वाचून झालेली संगीत मासिके माझ्यासाठी आणतो. मोजो, अनकट, रेकॉर्ड कलेक्टर वगैरे. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मी शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचतो. त्यातले संगीत मला निम्मे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण चित्र बघायला कोश लागत नाही. परवा ते सगळे अंक जमिनीवर ओळीने मांडले आणि मला वर्गातली हजेरी आठवली. तीच नावे! बीटल्स, डिलन, बोवी, पिंक फ्लॉइड, पुन्हा बीटल्स.

मांडणीही ठरलेली. वर मासिकाचे ठळक नाव, त्यातल्या एखाद्या अक्षरावर आलेले गायकाचे डोके, डोळे थेट आपल्यावर रोखलेले, भोवती इतर नावांची गर्दी आणि पुष्कळदा सोबत फुकट सीडी. मोजोचा पहिला अंक नोव्हेंबर १९९३चा. त्यावर बॉब डिलन आणि जॉन लेनन होते. लेनन जाऊन तेव्हाच तेरा वर्षे होत आली होती.

चेहरे तेच, ही माझी तक्रार नाही. आपल्या दिवाळी अंकांवरची पणतीवाली तरी कुठे बदलते? माझी तक्रार वयाची आहे. डिलन १९४१चा, पॉल मॅकार्टनी १९४२चा. म्हणजे दोघेही माझ्याहून थोरले. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, २०२० साली, दोघांनीही नव्या गाण्यांचे अल्बम काढले. पण या मासिकांच्या मुखपृष्ठावर ते बहुधा पंचविशीतलेच असतात. आत माणूस आजचे बोलत असतो आणि बाहेर साठ वर्षांपूर्वीचा कृष्णधवल फोटो!

भाचा म्हणाला, "मामा, लेख १९६६च्या रेकॉर्डवर असेल तर फोटो १९६६चाच लागणार ना? आणि दुकानात गिऱ्हाइकाने लांबूनच अंक ओळखायला हवा."

पहिला मुद्दा मान्य. जुन्या रेकॉर्डवरच्या लेखाला जुनाच फोटो हवा. पण मुलाखत ताजी असेल तर फोटो शिळा का?

दुसरा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही, आणि त्याला उत्तर त्याच्याच कपाटात आहे. १९६८ साली बीटल्सच्या रेकॉर्डचे वेष्टन नुसते पांढरे होते. बँडचे नाव त्यावर रंगाशिवाय, उठावाच्या अक्षरांत. पिंक फ्लॉइडच्या १९७०च्या 'ॲटम हार्ट मदर'च्या पुढच्या बाजूला एक गाय आहे. नाव नाही, चेहरा नाही, चक्क गाय! १९७३च्या 'डार्क साइड ऑफ द मून'वर काचेचा लोलक. लोकांनी या रेकॉर्डी ओळखल्याच ना? लाखोंनी घेतल्या. रेकॉर्डींच्या वेष्टनांनी गिऱ्हाइकाच्या अकलेवर एवढा विश्वास टाकला, आणि त्याच रेकॉर्डींवर जगणारी मासिके चेहऱ्याशिवाय पाऊल टाकत नाहीत!

डेव्हिड बोवीने तर कमालच केली. २०१३च्या 'द नेक्स्ट डे'साठी त्याने आपल्याच १९७७च्या 'हीरोज'चे चित्र घेतले आणि आपल्या तरुण चेहऱ्यावर पांढरा चौकोन चिकटवला. त्याच्या नंतरचे मासिकांचे अंक मी पुन्हा पाहिले. तो चौकोन खरवडून खालचा तरुण बोवी परत काढल्यासारखे वाटले. लेनर्ड कोहेन २०१६ साली बयाऐंशीव्या वर्षी गेला. जाण्यापूर्वी काही आठवडे त्याचा हयातीतला शेवटचा अल्बम आला. त्यावर डोक्याला हॅट, हातात सिगारेट असा तो म्हाताराच आहे आणि काय रुबाबदार दिसतो!

खरे कारण सांगू? घेणारे आमच्या वयाच्या आसपासचे. त्यांना त्यांचे कॉलेजचे दिवस विकायचे आहेत. पण आता घेणारे तेवढेच राहिलेले नाहीत. अमेरिकेत २०२२ साली, १९८७नंतर प्रथमच, सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त संख्येने विकल्या गेल्या. नव्या पिढीतही त्या घेणारे आहेत. त्यांना ही मुखपृष्ठे काय शिकवतात? की गाणे पूर्वी होते, पंचविशीनंतर माणसाकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही, आणि आज पंचविशीत असलेल्याने आपली पाळी येईपर्यंत थांबावे.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांना एवढे काय लागले? सांगतो. यंदा माझा अमृतमहोत्सव. मुलांनी हौसेने पत्रिका छापायला घेतली, नमुना दाखवला. त्यावर माझा चाळिशीतला फोटो! काळे केस, जाड काळी फ्रेम. "बाबा, यात तुम्ही छान दिसता." दिसतो, नाही कशाला म्हणू? पण त्या फोटोनंतर मी अठरा वर्षे शिकवले. त्यानंतर नातवंडे झाली, ही गेली, कानाला यंत्र लागले. त्या फोटोतल्या माणसाला यातले काहीच ठाऊक नाही. मग पंचाहत्तरी कोणाची करताय, त्याची की माझी?

भाचा ऐकून गप्प बसला. मग त्यानेच मोबाइलवर माझा फोटो काढला. कानातले यंत्र स्पष्ट दिसते आहे. पत्रिकेवर तोच जाईल.

असो. ज्यांना पत्रिका मिळेल त्यांनी ओळख पटली का ते जरूर कळवा.