रोगाचें नांव उच्चारणारा डॉक्टर

मुंबईस धोबीतलावावर डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकीं किती जणांस या गृहस्थांचा परिचय असेल, याविषयीं आम्ही साशंक आहों. ते मूळचे गोव्यांतील हडफड्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले आणि पुढें म्युनिसिपालिटीचे सभासदहि झाले. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत त्यांनीं कांहीं रोगी तपासले. प्रखर ताप, जांघेंत वा काखेंत गांठ, आणि थोडक्याच दिवसांत मृत्यु. हा साधा ताप नसून ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असें त्यांनीं ता. २३ रोजीं स्टँडिंग कमिटीस निःसंदिग्धपणें कळविलें.

यास किती धैर्य लागलें असेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगणें नको. मांडवी म्हणजे बंदर, धान्याच्या वखारी व दाटीच्या चाळी. तेथें प्लेग आहे असें जगजाहीर झालें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांस अडविणार, पेढ्यांचा धीर सुटणार, हें कोणासहि दिसत होतें. आणि झालेंहि तसेंच. सन १८९७ त व्हेनिस येथें परिषद भरली ती याच भयानें. लाखों लोक शहर सोडून गेले. मग डॉक्टरांनीं गप्प बसावयास हवें होतें काय? नांव न घेतल्यानें रोग थांबत नाहीं. तो गोणींतील उंदरांबरोबर पुढच्या गांवीं जातो. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हें सिमाँ यांनीं सन १८९८ त कराचीस दाखविलें. उंदरांचा नाश व गलिच्छ वस्त्यांची सफाई यांचा आग्रह व्हिएगस यांनीं धरला होता. हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली; व्हिएगस यांनीं ती हजारों लोकांस स्वहस्तें टोचली. ज्या शहरास त्यांनीं अप्रिय वार्ता सांगितली, त्याच शहरानें त्यांस सन १९०६ त म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपद दिलें.

सरकारचें वर्तन निराळें. सन १८९७ चा सांथींचा कायदा हातीं घेऊन पुण्यांत सोजिरांनीं घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले. रोग उघड करणें आणि रोग्यास छळणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पण लोकांच्या मनांत त्या एक झाल्या, आणि हें पाप त्या अंमलदारांचें. हाच कायदा सन २०२० त कोरोनाच्या वेळीं पुन्हां बाहेर निघाला, तेव्हांहि दारावर चिकटणाऱ्या कागदाच्या धास्तीनें तपासणी टाळणारे लोक आम्हीं पाहिले.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. डेंग्यू, पटकी व गोवर यांचे पेठवार आंकडे प्रत्येक नगरपालिकेनें दर आठवड्यास प्रसिद्ध करावे, रोग्याचें नांव मात्र गुप्त ठेवावें. आणि बाजार बसेल या भीतीनें यास हरकत घेणारांत व्यापारी मंडळें असूं नयेत. किंबहुना पावसाळ्यापूर्वींच त्यांनीं असा ठराव स्वतः होऊन नगरपालिकेपुढें ठेवावा.