प्रकल्पाची सूत्रे कोणाच्या हाती?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या. अशा वेळीही बँकांचे व्यवहार किंवा रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणारे संगणक बंद पडून चालत नाहीत. असे हजारो संगणक जेथे अहोरात्र चालू असतात, त्या वास्तूला डेटा सेंटर म्हणतात. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा अनेक वास्तू उभ्या आहेत.

ही वास्तू संगणकांची, तेव्हा तिच्या उभारणीचे नेतृत्वही संगणकतज्ज्ञाने करावे, असा सर्वसाधारण समज दिसतो. मला तो पटत नाही. संगणक शिरतात ते अगदी शेवटी. त्याआधी उभी राहतात ती रोहित्रे, बॅटऱ्यांच्या रांगा आणि डिझेलवर चालणारी जनित्रे. संगणकांनी घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते. ती उष्णता बाहेर काढणाऱ्या शीतयंत्रणेलाही पुन्हा वीजच लागते.

मुख्य पुरवठा गेल्यावर जनित्राने भार पेलेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ बॅटऱ्या निभावून नेतात. हे सारे जुळते की नाही, हे पाहण्यासाठी वास्तू ताब्यात देण्यापूर्वी मुख्य पुरवठा मुद्दाम तोडला जातो. संगणकांच्या जागी तेवढीच वीज घेणारे तापक जोडतात, एखादे जनित्र जाणूनबुजून बंद ठेवतात आणि काय घडते ते पाहतात. ही चाचणी सर्वांत शेवटी येते. तोवर बांधकामाला उशीर झालेला असतो, ग्राहकाला घाई असते, कंत्राटदाराला देयक हवे असते. मग कात्री लागते ती नेमकी चाचणीच्या दिवसांना. अशा वेळी ‘वास्तू अजून तयार नाही’ असे ठामपणे सांगणारा माणूस प्रमुखपदी हवा. ज्याने स्वतः पॅनेलसमोर उभे राहून बिघाड शोधले आहेत, त्यालाच हे सांगण्याचे बळ असते.

अर्थात, केवळ वीज जाणून भागत नाही. करार वाचणे, खर्चाचा अंदाज बांधणे, महिनोन्‌महिने आधी यंत्रसामग्री मागवणे, हेही आले. कित्येक निष्णात अभियंते येथेच अडखळतात; स्वतःच पाना उचलण्याचा मोह त्यांना आवरत नाही! परंतु ही कामे शिकता येतात.

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढे तसाच पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, अशी वाट महाराष्ट्रात उपलब्ध आहे. ती लांब आहे. घर चालवून शिकणाऱ्याला तर अधिकच. तरीही नेमणुकीच्या वेळी अनुभव पुष्कळदा पदवीच्या दिवसापासूनच मोजला जातो. वायरमन म्हणून केलेल्या कामाची वर्षेही त्यात धरली जावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. उमेदवाराने ती अर्जात संकोच न करता लिहावीत आणि निवड करणाऱ्यांनी मुलाखतीत त्यांविषयी आवर्जून विचारावे.