हिरवा रंग आणि खरा माल



सोयाबीनचे पैसे हातात आलेले, कापसाची वेचणी सुरू झालेली आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध चाललेली, अशा दिवसांत नांदूरघाटच्या बाजारात दिवाळी येते. दुकानांतून हिरवी अक्षरे दिसू लागतात: हरित फटाके, नैसर्गिक उटणे, विघटनशील पिशवी, सेंद्रिय गूळ. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण माती-पाण्याला त्रास नको, असे म्हणणारी घरे आता खेड्यातही आहेत. त्यांच्या या चांगुलपणावर कुणी पोळी भाजून घेऊ नये, म्हणून यंदा हा विषय.

फटाक्यांपासूनच सुरुवात करू. हरित फटाक्यांचे सूत्र नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले. त्यातून निघणारे धूलिकण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा सुमारे 30 टक्के कमी असतात. म्हणजे धूर कमी होतो, थांबत नाही. खऱ्या खोक्यावर नीरीचे बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो. मोबाइलने तो तपासावा. उत्पादकाची माहिती उघडली नाही तर खोके परत ठेवावे. हरित नावाखाली बंदी असलेले बेरियम वापरले जात असल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये घ्यावी लागली होती, हे विसरून चालणार नाही.

पिशवीचेही तसेच. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीवर आयएस 17088 हे मानक, उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. नुसते ‘बायोडिग्रेडेबल’ लिहून भागत नाही. काही पिशव्यांचे फक्त बारीक तुकडे होतात आणि ते मातीतच राहतात. शिवाय खऱ्या कंपोस्ट पिशवीलाही कुजायला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. बांधावर फेकलेल्या पिशवीला ती कुठून मिळणार? त्यापेक्षा घरातली कापडी पिशवी कधीही चांगली.

सेंद्रिय मालाच्या पाकिटावर ‘जैविक भारत’चे चिन्ह पाहावे. त्याखाली ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस’ यांपैकी एक प्रमाणीकरण असते. मात्र आठवडी बाजारात स्वतःचा माल थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला कायद्यानेच प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. चिन्ह नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. खत कोणते घातले, फवारणी कशाची केली, हे त्यालाच विचारा. मनापासून शेती करणारा माणूस तासभर सांगत बसेल.

खोट्या दाव्यांच्या फसवणुकीची सर्वात मोठी झळ अशाच माणसाला बसते. सेंद्रिय कापडाचे जागतिक प्रमाणीकरण करणाऱ्या ‘गॉट्स’ने 2020 मध्ये भारतातला 20,000 टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय ठरवल्याचे उघड केले. कापसावर संसार चालवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही बातमी नीट समजून घ्यायला हवी. खोटा माल खऱ्याच्या भावात विकला गेला, की रासायनिक खत टाळून उत्पन्नातली घट सोसणाऱ्याच्या मालावरचाही विश्वास उडतो. ग्राहक एकदा फसतो. तो शेतकरी मात्र कायमचा मागे पडतो.

कायदा आता ग्राहकाच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 15 ऑक्टोबर 2024 रोजी अशा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा मालाबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हेही स्पष्ट करावे लागते. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो जरूर वापरा.

हाच नियम आम्ही स्वतःलाही लावला. आमचा हा दिवाळी अंक जाहिरातींवर उभा राहतो, तरीही पर्यावरणाचा दावा करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीसोबत यंदा आम्ही पुरावा मागितला. जाहिरातदारांनी ही अट मान्य केली. 

वाचकांना एवढीच विनंती, की खरेदीआधी दोन प्रश्न विचारा: ही वस्तू खरोखर लागणार आहे का, आणि दाव्याला पुरावा काय? गावोगावचे गिऱ्हाईक असे विचारू लागले, की दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारेल आणि व्यापारी कारखान्याला. प्रामाणिक माल करणाऱ्याला त्याचे मोल मिळण्याचा हाच रस्ता आहे.

आपणा सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— संपादक