सवय आमची, यंत्र कोणाचे?

ॲपल कंपनीला आज, १ एप्रिल २०२६ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. नफ्यासाठी चालणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या वाढदिवसाला मराठी मासिकाने अग्रलेखाची जागा का द्यावी, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण हे मासिक ज्या यंत्रांवर वर्षानुवर्षे जुळवले गेले ती याच कंपनीची. माझी उमेदीची सगळी वर्षे मॅकच्या पडद्यासमोर गेली, पुढे पिशवीत आयफोन आला. इतक्या लांबच्या सहवासानंतर माणूस मोकळेपणाने कौतुकही करू शकतो आणि हक्काने काही मागूही शकतो. आज दोन्ही करायचे आहे.

या कंपनीच्या जन्मकथेत रॉनल्ड वेन या तिसऱ्या भागीदाराची गोष्ट हमखास सांगितली जाते. बारा दिवसांत तो बाहेर पडला आणि आपला दहा टक्के हिस्सा त्याने ८०० डॉलरना सोडून दिला. मला मात्र त्या कथेतले झाकण अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे. स्टीव्ह वॉझ्नियाकने तयार केलेला पहिला ॲपल म्हणजे नुसता सर्किट बोर्ड होता. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. पेटी, कळफलक, वीजपुरवठा ज्याचा त्याने जोडायचा. १९७७च्या ॲपल-टू या संगणकाला पेटी आली, पण तिचे झाकण नुसत्या हाताने उचलले की निघत असे आणि आत वेगवेगळी कार्डे बसवायला आठ खाचा होत्या. भागीदार स्टीव्ह जॉब्स यांना दोन पुरेशा वाटत होत्या; वॉझ्नियाक आठांवर अडून बसला. यंत्र विकत घेणाऱ्याला ते उघडता यायला हवे, त्यात भर घालता यायला हवी, ही त्याची धारणा होती. सात वर्षांनी, २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश आला तो बंद पेटीतच. ती उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रू-ड्रायव्हर लागायचा. एकाच घरातले हे दोन स्वभाव. गेली चाळीस वर्षे दुसऱ्याची सरशी होत आली आहे.

तरीही प्रेम जडले ते त्या बंद पेटीवरच. पहिल्या मॅकचा पडदा नऊ इंची, काळा-पांढरा. त्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके. त्यांची दाटी ठेवली होती इंचाला ७२. अक्षरजुळणीतला पॉइंटही इंचाचा जवळजवळ बहात्तरावा भाग. म्हणजे एक ठिपका म्हणजे एक पॉइंट, आणि बारा पॉइंटांचे अक्षर पडद्यावर जेवढे दिसेल तेवढेच कागदावर. छपाईशी ज्याचा संबंध नाही त्याला यात विशेष वाटणार नाही. पण ज्यांनी शिशाचे खिळे हाताळले, ब्रोमाइडचे तुकडे डिंकाने चिकटवले, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. १९८५ साली लेझररायटर हा प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि ऑल्डसचे पेजमेकर एकत्र आले आणि टेबलावर पान तयार होऊ लागले. ज्याच्याकडे मोठा छापखाना नाही, त्यालाही नियतकालिक काढता येईल, हे तिथून सुरू झाले. मराठीतली कितीतरी छोटी नियतकालिके पुढे डीटीपीवर उभी राहिली. त्यांतली बहुतेक विंडोजवर जुळवली गेली हे खरे. पण ती वाट मॅकने घालून दिली होती.

आमच्याकडे पानजुळणी करणारे गृहस्थ मूळचे खिळे जुळवणारे. दिवाळी अंकाची पाने सोडायच्या रात्री ते बटर पेपरवरची लेझर प्रिंट घेऊन यायचे, पडद्यावर पान शंभर टक्के आकारात आणायचे आणि तो कागद सरळ काचेवर धरायचे. कागदातून पडद्याचा उजेड यायचा आणि छापलेल्या ओळी पडद्यावरच्या ओळींवर जवळजवळ तंतोतंत बसायच्या. मग ते अंगठ्याने ‘ष्ट्य’सारखे एखादे जोडाक्षर दाबून बघायचे, खालचा पाय कापला गेला आहे का म्हणून. शिरोरेषा कुठे तुटली असेल तर तीही अशीच सापडायची. यंत्रावर त्यांचा विश्वास बसला तो या परीक्षेनंतर. माझाही.

आणि सवय लागली. स्पेस बारशेजारच्या कमांड कळीवर अंगठा, शेजारच्या चार अक्षरांवर बोटे: झेड म्हणजे केलेले मागे घ्या, एक्स म्हणजे कापा, सी म्हणजे नक्कल करा, व्ही म्हणजे चिकटवा. कापणे आणि चिकटवणे ही छापखान्यातली कात्री-डिंकाची कामे संगणकात आणण्यात लॅरी टेस्लर यांचा मोठा वाटा. २०२० साली ते गेले तेव्हा मला घरचे कोणी गेल्यासारखे वाटले होते. कमांड कळीवरची चार वेटोळ्यांची खूण सुझन केर यांनी चिन्हांच्या एका कोशातून शोधली. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर ती असते. मेनूची पट्टी पडद्याच्या माथ्यावर, ती १९८४पासून तिथेच आहे. जुन्या वाड्यात दिवे गेले तरी पायाला पायऱ्या सापडतात, तशी माझी बोटे आजही नव्या मॅकवर चालतात.

ही सवय टिकवणे सोपे नव्हते, याची जाणीव ग्राहकांपैकी फार थोड्यांना असते. १९९४ मध्ये ॲपलने मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतले प्रोसेसर सोडून पॉवरपीसी घेतला. २००१ मध्ये जुनी कार्यप्रणालीच काढून टाकली आणि जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या पायावर उभी राहिलेली नवी आणली. २००६ मध्ये इंटेल, २०२० मध्ये स्वतःची एम-वन चिप. यंत्राचे काळीज तीनदा बदलले, आत्मा एकदा. दर वेळी जुनी सॉफ्टवेअर काही वर्षे चालावीत म्हणून मध्ये दुभाष्या ठेवला. माझ्या अंगठ्याला मात्र यातले काही कळले नाही. माणसाच्या हाताला जे अंगवळणी पडले आहे त्याचा एवढा मान राखणारी दुसरी कंपनी मला ठाऊक नाही. १९९७ साली ॲपल बुडण्याच्या बेतात होती, प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टने पंधरा कोटी डॉलर गुंतवले तेव्हा धीर आला. त्या दिवसांत मुंबईतल्या छपाईआधीचे प्रोसेसिंग करणाऱ्यांकडे आणि जाहिरात संस्थांमध्ये मॅकवर काम करणारी माणसे खरोखर काळजीत होती. हातातले कसब निरुपयोगी होईल ही ती भीती होती. कंपनी वाचली, त्याचा आनंद आम्हाला शेअरधारकांपेक्षा कमी झाला नसेल.

देवनागरीच्या बाबतीतही देणे मान्य करायला हवे. नव्वदीच्या दशकात इंडियन लँग्वेज किट नावाचा संच निघाला, त्यात देवनागरीबरोबर गुजराती आणि गुरुमुखी होती. छापखान्यांनी मात्र आपापली फॉन्ट-पॅकेजे वापरली. त्यांत प्रत्येकाचा संकेत वेगळा, त्यामुळे त्या काळातले आमचे कितीतरी मजकूर आज पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची गिचमीड दाखवतात. तो दोष ॲपलचा नव्हे. पुढे सगळ्यांसाठी एकच संकेत असलेले युनिकोड आले आणि मॅकमध्ये देवनागरी आपोआप येऊ लागली. आज मॅकमध्ये मिळणाऱ्या अक्षरांत इंडियन टाइप फाउंड्रीचे कोहिनूर आहे आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-देवनागरी ७१४ही आहे. पुण्यात घडलेले अक्षर जगभरच्या मॅकवर मिळते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आयफोनच्या कुलूपबंद पडद्यावरचे घड्याळही देवनागरी आकड्यांत लावता येते. माझ्या फोनवर ते तसेच आहे.

फोनशी नाते मात्र मॅकसारखे जुळले नाही. भारतात आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये आला, आठ जीबीचा ३१ हजार रुपयांना. ती त्या वेळीही चैन होती, आजही बहुतेक मराठी घरांसाठी चैनच आहे. हप्त्यांवर घेतला म्हणून चैन गरज होत नाही. मॅकवर मी काही घडवत होते. फोनवर मी बहुतेक वेळ दुसऱ्याने घडवलेले पाहते. कंपनीच्या उत्पन्नातला सर्वांत मोठा वाटा आज आयफोनचा आहे, त्यामुळे फोनची रीत हीच कंपनीची रीत झाली आणि ती मॅकमध्येही शिरली. मेमरी सर्किट बोर्डावर झाळलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, बाहेरचा स्क्रू पाच पाकळ्यांचा.

असे यंत्र उघडून दुरुस्त करणे काय असते ते मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जवळून पाहिले आहे. दुकानदाराने कोणाचा तरी मॅकबुक उलटा ठेवला, ते बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या पट्टीवर ओळीने लावले, कारण त्यांची लांबी सारखी नसते. मग बॅटरीच्या कडेने पातळ द्रव सोडला, थोडा वेळ थांबला, आणि प्लास्टिकचे जुने कार्ड तिच्याखाली सरकवत राहिला. जोर लावायचा नाही. बॅटरीचा पत्रा वाकला आणि आत छेद गेला तर आग लागते. “ताई, यात बॅटरी बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, गोंद काढणं तासाचं,” तो म्हणाला. हे काम त्याला कोणी शिकवलेले नाही. बिघडलेली यंत्रे उघडून उघडून तो शिकला.

माझी तक्रार आहे ती इथे. ही कंपनी आपल्या सवयीची कदर करते, पण आपल्या मालकीची करत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तिने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू तिने सांगितला आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण ते यंत्राच्या मालकाला आधी सांगायला हवे होते. वर्षानुवर्षे फोनचे काही सुटे भाग त्या एकाच फोनशी सॉफ्टवेअरने बांधलेले होते. दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग बसवला तरी काही सोयी चालत नसत. २०२४ मध्ये हे बंधन थोडे सैल केले. चार्जिंगची वायर सगळ्यांसारखी व्हायला युरोपीय संघाचा कायदा यावा लागला, तेव्हा २०२३च्या आयफोन १५ला यूएसबी-सी मिळाले. वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता यावी असा युरोपचा नियम फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतो आहे. आणि करायचे ठरवले तर जमते, हे कंपनीनेच दाखवले आहे. आयफोन १६च्या बॅटरीखालचा गोंद असा आहे की नऊ व्होल्टचा विद्युतदाब दिला की तो आपोआप सुटतो. ज्यांनी हे शोधले ते अभियंते थोर आहेत. असा गोंद दहा वर्षांपूर्वी आला असता, तर किती यंत्रे भंगारात जाण्यापासून वाचली असती!

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केले. युरोपसारखा बंधनकारक नियम मात्र आपल्याकडे नाही. आता ॲपलसाठी भारत ही दूरची बाजारपेठ राहिलेली नाही. तामिळनाडूत आणि कर्नाटकात आयफोन जुळवले जातात, एप्रिल २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात तिचे दुकान उघडले, सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला. जिथे फोन तयार होतो त्या देशात त्याचा सुटा भाग सहज मिळू नये, याला कसलेही समर्थन नाही. अमेरिकेत एप्रिल २०२२पासून ग्राहकाला मूळ सुटे भाग आणि हत्यारे कंपनीकडून विकत घेता येतात. तीच सोय भारतात, रुपयांत, कसल्याही करारपत्राशिवाय लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानदाराला आणि सोलापूर-नांदेडच्या दुरुस्तीवाल्यांनाही मिळावी, आणि विकलेल्या प्रत्येक यंत्राचे भाग निदान दहा वर्षे उपलब्ध राहावेत. पन्नाशीच्या दिवशी एका जुन्या, निष्ठावान ग्राहकाचे कंपनीकडे हे मागणे आहे. आणि ती ऐकणार नसेल तर तेच मागणे आपल्या सरकारकडे आहे.