डांबर मागू नका, थर मागा



हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या नावाने बोंब सुरू होते. गेल्या हंगामात आमच्या वाटेवर भरलेली ट्रॉली निम्म्या चाकापर्यंत रुतली. बाहेर निघेस्तोवर दोन दिवस गेले. ऊस वाळला, वजन घटले, साखरही उतरली. नुकसान कुणाचे? आपलेच.

मग आपण मागतो काय? “डांबर टाका.” इथेच चुकते. डांबर हे पांघरूण आहे. ओझे पेलतो तो खालचा खडी-मुरुमाचा थर आणि शेवटी माती. आपल्या परभणीची माती काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. माती चार दिवस पाण्यात भिजवून तिची ताकद मोजतात, तिला सीबीआर चाचणी म्हणतात. काळ्या मातीचा आकडा बहुधा २ ते ४ टक्क्यांच्या आसपास येतो. माती जितकी नरम तितका थर जाड, हा साधा हिशेब.

दुसरा हिशेब ओझ्याचा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. एका आखावरचे वजन दुप्पट केले की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे १६ पट होते, असे त्यातून निघाले. दीडपट वजनाला झीज पाचपट! आता आपण ट्रॉली कशी भरतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

रस्त्याची पाहणी आपणही करू शकतो. नुसता वरचा पापुद्रा सोलला असेल तर ठिगळ चालते. पण चाकोरी खोल दबून कडेला फुगवटा आला असेल, तर समजा खालचे अंग गेले. तिथे ठिगळ म्हणजे पैसा पाण्यात. एक खड्डा घेऊन थर मोजला की खरेखोटे कळते.

आणि नाली? ती आपणच नांगरून टाकली. बांध रस्त्याला भिडवला, उसाचे पाणी रस्त्यावर सोडले. पाणी मुरले की जाड थरही बसतो. मग दोष एकट्या ठेकेदाराला कसा द्यावा?

तेव्हा ग्रामसभेत ठराव करताना तीन गोष्टी लिहून मागा: मातीची चाचणी, उसाच्या वाहतुकीचा हिशेब धरून ठरवलेली थराची जाडी आणि दोन्ही बाजूंना नाली. आपल्या बाजूने नाली मोकळी करू आणि ट्रॉली बेताने भरू. एवढे केल्याशिवाय रस्ता मागायला आपले तोंड राहत नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद