डिकी काही उघडेना!

खरं सांगा, गाडीच्या डिकीला चावी लावून तुम्हाला किती वर्षं झाली? आपल्या गाड्यांना रिमोट असतो, नाहीतर ड्रायव्हरच्या सीटजवळ लिव्हर. खेचला की टक्, संपला विषय. त्यामुळे गणपतीला चंदगडला गेले आणि काकांनी ‘तू इंजिनिअर ना? मग ही डिकी उघडून दाखव’ असं म्हटलं, तेव्हा मी बिनधास्त हो म्हणाले. बॉस, मी सॉफ्टवेअरवाली आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

गाडी म्हणजे आजोबांची प्रीमियर पद्मिनी. क्रीम कलर, स्टीअरिंगलाच गिअरचा दांडा, मागे सोफ्यासारखी सलग सीट. १९८८ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली, तेव्हा मारुती ८०० येऊन पाच वर्षं झाली होती. पण आजोबांचा विश्वास वालचंदशेठच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या जाड पत्र्यावर! मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर करून उसासे टाकले. आमची मात्र आजोबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, काजूच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी होती. तिच्यासाठी कोणी उसासा टाकला नव्हता.

आता बेळगावचं एक गिऱ्हाईक आलं होतं. पार्ट्ससाठी गाडी घेणार, सोमवारी टेम्पो आणणार. अट एकच, ओरिजिनल आरसी बुक पाहिजे. आणि ते होतं डिकीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात पाणी गळायचं म्हणून आजोबा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवायचे. डुप्लिकेट काढता येतं म्हणा, पण त्याला पोलिसांत तक्रार करा, फॉर्म २६ भरा... आणि काकांना घाई.

पहिला तास मी जे केलं ते तुम्ही कृपया करू नका. चावी अर्धी फिरून अडत होती, म्हणून मी ती पकडीत धरून पिळली. चावीला बारीक वाक आला आणि माझ्या पोटात गोळा. काका म्हणाले, ‘ग्राइंडरनं कापून टाकू, नाहीतरी भंगारच.’ पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला आहे, ठिणग्या तिथेच उडणार, हे मी ओरडून सांगितल्यावर ते थांबले. नऊ वर्षांची रिकामी टाकी जास्त वाईट, कारण आत वाफ असते. एवढी केमिस्ट्री आठवत होती, नशीब.

मग मिस्त्रींना बोलावलं. सत्तरीचे, पांढरी टोपी. त्यांनी गाडीला आधी एक चक्कर मारली, मग माझ्या हातातली पकड काढून घेतली. ‘कशाला जोर लावायलासा? कुलूप काय बैल हाय व्हय?’

त्यांचा पहिला प्रश्न चावीबद्दल होता. ही नकलेची नक्कल, दात झिजलेले. गाडीच्या कुलपात चावीच्या दातांनी वर-खाली होणाऱ्या छोट्या पत्र्या असतात. दात झिजले की पत्र्या पूर्ण हलत नाहीत आणि कुलूप अडतं. ‘मूळ चावी कुठाय?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजी उठली आणि देवघरातल्या डब्यातून चावी घेऊन आली. नऊ वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं!

आता तेल? मी ऐटीत डब्ल्यूडी-४० चा डबा काढला. (१९५३ मध्ये सॅन डिएगोत बनलेलं रसायन, नावाचा अर्थ पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न. एकोणचाळीस फेल! आपल्या अप्रेझलमध्ये हे सांगायला हवं.) मिस्त्रींनी ते बिजागऱ्यांना आणि कडेला मारायला सांगितलं, कुलपात अगदी थेंबभर. आत तेल साठलं की धूळ चिकटते. कुलपासाठी त्यांनी माझ्या चुलतभावाच्या दप्तरातली शिसपेन्सिल घेतली, चावीच्या दातांवर घासली, चावी आत-बाहेर केली, पुन्हा घासली. वीस मिनिटं हाच उद्योग. मग दोन बोटांनी फिरवली आणि ती पूर्ण फिरली!

डिकी? जागची हलली नाही. चावी फिरत होती, पण आतला खटका गंजून बसला होता. चंदगडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल, इथे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते. लोखंडाची काय कथा?

मिस्त्री मागच्या सीटवर जाऊन बसले आणि काचेखालच्या फळीकडे बघून हसले. तिथे काकांनी नव्वदच्या दशकात कॅसेट प्लेअरसाठी दोन मोठे लंबगोल स्पीकर बसवले होते. त्यासाठी फळी कापल्यावर आजोबा महिनाभर बोलले नव्हते म्हणे. एक स्पीकर काढला आणि थेट डिकीत जायला भोक तयार. फक्त हात बारीक हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

खांद्यापर्यंत हात आत, तोंडात टॉर्च, गाल सीटच्या रेक्झिनला चिकटलेला. बाहेरून मिस्त्री झाकण खाली दाबून धरायचे, म्हणजे खटक्यावरचा ताण जातो. मी आतून काठीला बांधलेल्या लांब स्क्रूड्रायव्हरनं खटका ढकलायचा. पाचव्या खेपेला सुटला. तरी झाकण वर येईना, कारण कडेचं रबर वितळून पत्र्याला चिकटलं होतं. बोथट उलथनं सगळीकडून फिरवल्यावर एकदाचं कर्र करून उघडलं.

स्टेपनी, जॅक, पंप, उंदरांनी कुरतडलेली सतरंजी. पेटी गंजलेली, पण पिशवी कोरडी. काकांनी आरसी बुक उघडलं आणि गप्प झाले.

मालकाचं नाव अजून आजोबांचंच. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. काकांनी नऊ वर्षं काहीच केलं नव्हतं. (तुमच्या घरच्या गाडीचं बघून घ्या. २०२१ पासून आरसीत नॉमिनीचं नावही घालता येतं.) म्हणजे गाडी विकायची तर बाकी वारसांची संमती आली. आजी, माझे बाबा आणि आत्या.

आत्या बेळगावला असते. काजूच्या बागेच्या वाटणीवरून ती आणि काका सहा वर्षं बोलत नाहीत. गणपतीचा प्रसादही तिकडे आजीच कोणाच्या तरी हाती पाठवते.

‘पप्पांच्या गाडीचं तिला विचारायला नको होय?’ आजी एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

टेम्पोवाल्याला सोमवारी येऊ नको म्हणून कळवलं. घरात रेंज मिळत नाही, म्हणून काका मोबाइल घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात, काजूच्या झाडाखाली गेले. बराच वेळ नुसते उभे होते. मग ऐकू आलं, ‘हॅलो... मी बोलतोय. पप्पांच्या गाडीची डिकी उघडली गं.’