शब्दांचे गणगोत : डेरिंग

पनवेलच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेली म्हातारीसुद्धा हल्ली सहज म्हणते, "पोराने डेरिंग केली, भात निघाल्यावर कलिंगड लावले." शब्द इंग्रजीतला, पण तो आता कुणाला अडत नाही. 'डेअर' म्हणजे धजणे, त्याचे हे रूप. मात्र 'डेरिंग करणे' हे आपले आपणच बनवले; साहेब तसे म्हणत नाही.

गंमत पुढेच आहे. हा 'डेअर' आणि संस्कृतातला 'धृष्' धातू एकाच मुळाचे, असे भाषेचे जाणकार सांगतात. त्या धातूपासून 'धृष्ट' झाला, महाभारतातल्या धृष्टद्युम्नाच्या नावात जाऊन बसला आणि प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे 'धीट' होऊन आला. धारिष्टही त्याच घरातले. म्हणजे डेरिंग ही आपल्या धीटाची लांबची बहीणच निघाली!

घर एक, पण तोंडे दोन. पोर चारचौघांत बोलले की आपण कौतुकाने त्याला धीट म्हणतो. तेच आपल्याला उलटून बोलले की धृष्ट. म्हणणारा कोण, त्यावर सारे.

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पाहा. जन्म १८४५चा, पुण्यात सरकारी कारकून. रामोशी, कोळी जमवून त्यांनी बंड उभारले. सरकारदरबारी ते दरोडेखोर ठरले, १८७९ मध्ये पकडले गेले. एडनच्या तुरुंगातूनही निसटले, पुन्हा सापडले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो.

आणि जानेवारी १९८४? नवी मुंबईसाठी जमिनी जात होत्या. दि. बा. पाटलांच्या मागे उरण-पनवेलचे शेतकरी बायामाणसांसह रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या १२.५ टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण सरकारला आणावे लागले. त्या दोन दिवसांत बंदोबस्तावरच्या साहेबांना ही माणसे धृष्ट वाटली असतील. जासईच्या घराघरांत विचारा, दुसराच शब्द ऐकू येईल.

आमच्याकडे अशाला 'छातीचा माणूस' म्हणतात. तुमच्या गावात काय म्हणतात, ते पोस्टकार्डावर कळवा. बायकांच्या तोंडचे शब्द असतील तर आधी ते लिहा.